आलेले डोळे आणि आजीबाईचा बटवा

आपल्या मायबोलीत डोळे ‘येतात’ तेही दुखणे आणि डोळे ‘जातात’ तेही दुखणेच. पहिले दुखणे आपण फारसे मनावर घेत नाही. काळा चष्मा लावून कोणी दारात उभा राहिला की शेजारीपाजारी हसून विचारतात, ‘‘डोळे आलेत वाटतं?’’ आणि चार दिवसांत उतरेल म्हणून तो विषय तेथेच संपतो. बहुतेक वेळा ते उतरतेही. परंतु काही थोड्या रुग्णांच्या बाबतीत पहिल्या क्रियापदाचे दुसरे क्रियापद होण्यास आठवडाही लागत नाही, आणि त्यांतील कित्येकांच्या डोळ्यांत घरातल्याच प्रेमळ हातांनी काहीतरी घातलेले असते. म्हणून आजीबाईचा बटवा उघडून त्यातील कोणती पुडी डोळ्याजवळ न्यावी आणि कोणती दूर ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

नोकरीच्या निमित्ताने आमची काही वर्षे बहरीनच्या बेटावर गेली. मनामा शहरात भारतीय मुलांना शिकविण्याचे काम आमच्याकडे होते. मराठी, मल्याळी, सिंधी, गुजराती अशा नाना घरांतील मुले एका बाकावर बसत आणि प्रत्येक घराचे डोळ्यांवरचे औषध निराळे. एक मुलगा डोळ्यात मध घालून येई, दुसऱ्याच्या पापण्यांवर हळदीचा लेप असे, तिसरीच्या डोळ्यांत काळाभोर सुरमा. शिक्षकी पेशाचे शिक्षण घेताना आम्हांस आरोग्यशास्त्राचा तास असे व त्यात डोळ्यांवर एक धडाही होता. त्या धड्यातील कोरड्या वाक्यांना अर्थ आला तो मात्र या वर्गात.

बहरीन आणि डोळे यांचे नाते फार जुने आहे. प्राचीन काळी ज्या भूमीस दिल्मुन म्हणत ती हीच, असे विद्वानांचे मत आहे. तिची हजारो थडगी बेटावर आजही टेकड्यांसारखी उभी आहेत व २०१९ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी मातीच्या विटांवर कोरलेल्या एका सुमेरी काव्यात या दिल्मुनचे वर्णन आहे. ते जणू एदेन बागेचेच वाटते. तेथे सिंह कोणास मारीत नाही, म्हातारपण कोणास शिवत नाही. आणि गंमत अशी की, त्या सुखी भूमीत नसलेल्या दुःखांची यादी करताना कवीने नेत्ररोगाचा मुद्दाम उल्लेख केला आहे. स्वर्गाची कल्पना करताना माणूस आपल्या अंगणातीलच दुखणी वगळीत असतो. तेव्हा इराकच्या मैदानात राहणाऱ्या त्या कवीच्या आसपास आलेल्या डोळ्यांची किती माणसे असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

प्रत्यक्षातल्या बहरीनने मात्र या काव्याचा मान राखला नाही. मोत्यांवर जगणारे हे बेट. उन्हाळ्याचे चार महिने शेकडो गलबते समुद्रात असत. पाणबुडे नाकाला शिंगाचा चिमटा लावीत, डोळ्यांना मात्र काहीच नसे. उघड्या डोळ्यांनी खारट पाण्यात दिवसभर बुड्या मारायच्या, वर आले की पाण्यावरून परावर्तित होणारे लख्ख ऊन, आणि गलबतावर गोडे पाणी मोजून मिळायचे. त्यात ‘शमाल’ नावाचा वायव्येकडचा वारा सुटला की हवेत धूळ. किनाऱ्यावर खजुराच्या बागा आणि त्यांबरोबर माश्या. अशा ठिकाणी ज्या रोगाचे फावते, तो म्हणजे खुपऱ्या. पापणीच्या आतल्या बाजूस बारीक दाणे उठतात, वर्षानुवर्षे पुनःपुन्हा संसर्ग होऊन तेथे व्रण पडतात, पापणी आत वळते आणि पापणीचे केस प्रत्येक उघडझापीस बुबुळावर घासत राहतात. माणूस आंधळा होतो तो एका दिवसात नव्हे, तर रोज थोडा थोडा. हा रोग पसरतो माशीच्या पायांनी, बोटांनी आणि एकाच फडक्याने सर्व मुलांची तोंडे पुसल्याने.

मनामा येथे १९०३ साली अमेरिकन मिशनचे इस्पितळ उघडले. मेसन मेमोरियल हे त्याचे मूळ नाव. आज ते अमेरिकन मिशन हॉस्पिटल म्हणून ओळखले जाते. त्या काळी संपूर्ण आखातात अशी सोय अपवादानेच होती. आलेले डोळे, खुपऱ्या, आत वळलेल्या पापण्या ही तेथील नित्याची दुखणी. आपल्या वाचकांस याचे नवल वाटू नये, कारण त्याच दशकांत यरुशलेमची स्थितीही याहून निराळी नव्हती. डॉ. अब्राहाम टिखो १९१२ साली तेथे आले ते डोळ्यांचे डॉक्टर म्हणून, आणि १९१३ साली हदासा संघटनेने अमेरिकेहून ज्या दोन परिचारिका पाठविल्या, त्या रोझ कापलान व रेचल लँडी यांच्या कामाचा एक मोठा भाग म्हणजे मुलांच्या खुपऱ्या. १९५० च्या दशकात माबारांमध्ये राहणाऱ्या मुलांच्या पापण्या परतवून पाहिल्या जात, ही आठवण आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींस असेल.

या रोगाचा पाडाव कशाने झाला? औषधांनी झालाच; परंतु जागतिक आरोग्य संघटनेने आखलेल्या कार्यक्रमात शस्त्रक्रिया व प्रतिजैविके यांच्या जोडीला चेहरा धुणे आणि परिसर स्वच्छ ठेवणे यांनाही बरोबरीचे स्थान आहे. बहरीनचा शेजारी ओमान हा २०१२ साली खुपऱ्यांपासून मुक्त झाल्याचे मान्य झालेला जगातील पहिला देश ठरला. आपल्या जन्मभूमीस, भारतास, तो मान २०२४ च्या ऑक्टोबरात मिळाला. ज्या रोगाने पिढ्यान् पिढ्या आंधळ्या केल्या, त्याच्यावरील चारांपैकी दोन उपाय साबण-पाण्याचे आहेत, ही गोष्ट बटवा उघडण्यापूर्वी ध्यानात असावी.

आता आलेल्या डोळ्यांकडे वळू. सगळे लाल डोळे सारखे नसतात. पुष्कळदा दोष विषाणूचा असतो. सर्दीपडशाबरोबर किंवा त्यामागून डोळा लाल होतो, पाण्यासारखा स्राव येतो, आधी एक व मग दुसरा. त्यावर प्रतिजैविकांचे थेंब चालत नाहीत. एक ते दोन आठवड्यांत, कधी तीन आठवड्यांत तो आपण होऊन बरा होतो. जिवाणूंमुळे आलेल्या डोळ्यांत पिवळसर घट्ट चिपडे येतात आणि सकाळी पापण्या चिकटून बसतात. मुलांत हा प्रकार जास्त. तिसरा प्रकार वावड्याचा. त्यात खाज फार, दोन्ही डोळे एकदम, आणि तो कोणास लागत नाही. बहरीनसारख्या उष्ण व धुळीच्या प्रदेशात हा तिसरा प्रकार मुलांना वर्षानुवर्षे छळतो. वर्गातील एखादा मुलगा दर उन्हाळ्यात डोळे चोळू लागला की बाकीची मुले त्याच्यापासून दूर सरत. त्याचा रोग लागण्याजोगा नाही हे त्यांना फळ्यावर चित्र काढून समजवावे लागे.

बटव्यातील सर्वांत जुना आणि सर्वांत गोड उपाय म्हणजे पदराची फुंकर. लुगड्याच्या पदराचा बोळा करायचा, त्यात तोंडाने ऊब भरायची आणि मिटलेल्या डोळ्यावर अलगद ठेवायचा. कोकणातील आपल्या घरांत ज्याच्या डोळ्याला हा पदर लागला नसेल असा माणूस विरळा. यातील ऊब खरीच गुणकारी आहे. रांजणवाडीवर तर डॉक्टरही ऊनऊन शेकच सांगतात. दहा मिनिटे, दिवसातून तीनचार वेळा. दोष उबेत नाही, पदरात आहे. त्याच पदराने आईने भांडे धरलेले असते, धाकट्याचे नाक पुसलेले असते आणि आता तोच थोरल्याच्या डोळ्यावरून धाकट्याच्या डोळ्यावर जातो. स्वच्छ धुतलेला रुमाल कढत पाण्यात बुडवून, पिळून, हाताच्या मागच्या बाजूस सोसेल इतका ऊन असताना वापरला तर आजीची ऊब मिळते आणि वरची देणगी मिळत नाही. एका डोळ्याचा रुमाल दुसऱ्यास लावू नये. खाज किंवा जळजळ अधिक असेल तर उबेऐवजी गार पाण्याची घडी बरी वाटते.

रांजणवाडीवर सहाणेवर लवंग उगाळून लावतात, कोणी चिंचोका उगाळतात. पापणीच्या बाहेरच्या कातडीवर लावलेल्या लेपाने क्वचितच मोठे नुकसान होते, परंतु घाम आला की तो लेप आत उतरतो, आणि लवंगेचे तेल बुबुळाला किती झोंबते हे एकदा अनुभवलेले मूल पुन्हा आजीच्या हाती लागत नाही. आमच्या मते रांजणवाडी बरी होते ती शेकाने व दिवसांनी. श्रेय मात्र लवंग घेऊन जाते.

तगरीची फुले मिटल्या डोळ्यांवर ठेवणे, काकडीच्या चकत्या, गार दुधाच्या घड्या, हे सारे बाहेरचे गारव्याचे उपाय आहेत. फूल धुतलेले असावे आणि डोळा मिटलेला असावा, एवढे पाळले म्हणजे पुरे. खरा प्रश्न उभा राहतो तो डोळा उघडून आत काही सोडण्याचा. गुलाबपाणी घ्या. ते सुवासिक असते, पण म्हणून निर्जंतुक नसते. मिठाईवर शिंपडायच्या बाटलीतील पाणी दुखऱ्या डोळ्यात घालणे योग्य नव्हे. त्रिफळ्याचे किंवा धन्याचे रात्रभर भिजविलेले पाणी गाळून घेतले तरी रात्रभरात त्यात काय वाढले ते गाळणीला दिसत नाही. तुरटी फिरविल्याने पाण्याचा गढूळपणा खाली बसतो, जंतू मरतात असे नव्हे. मधाविषयी अलीकडे संशोधन झाले आहे व निर्जंतुक केलेल्या मधाची नेत्रौषधे काही देशांत मिळतात. स्वयंपाकघरातील बरणीतला मध ते नव्हे. एरंडेलाचेही तसेच, काही कृत्रिम अश्रूंच्या औषधांत ते असते, पण शुद्ध करून व मोजून. लिंबाचा व कांद्याचा रस यांविषयी लिहिण्याची वेळ येऊ नये, पण येते. जे कापताना डोळे झोंबतात, ते डोळ्यात पिळून बरे कसे व्हावे?

आखातात आणि इराकी घरांत बाबूनजच्या फुलांच्या काढ्याने डोळे धुण्याची चाल आहे. कढत पाण्याची ही एक सुगंधी युक्ती. मात्र ज्यांना परागांचा वावडा आहे त्यांचे डोळे या काढ्याने उलट सुजलेले आढळले आहेत. अंझरूत नावाचा एक डिंकही जुने अरब वैद्य नेत्रचूर्णांत घालीत. अशा वस्तू एके काळी मुंबई आणि आखात यांच्यामध्ये सहज ये-जा करीत. १८६२ सालापासून मुंबईहून आखाताच्या बंदरांना टपालाच्या आगबोटी जात, आणि त्या मार्गावरील शेवटची ‘द्वारका’ १९८२ साली बंद झाली. मोती मुंबईस येत, तांदूळ व कापड तिकडे जाई. आणि माणसांच्या गाठोड्यांतून औषधांच्या पुड्या दोन्हीकडे.

त्या पुड्यांतील एकीविषयी मात्र सविस्तर लिहिणे अवश्य आहे. ती सुरम्याची.

आपल्याकडे काजळ घरी धरीत. एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याचे ताट पालथे घालायचे, धरलेली काजळी तुपात खलून डबीत भरायची. हे काजळ म्हणजे शुद्ध काजळी. त्यात शिसे नाही. त्याचा धोका बोटाचा आहे. एकच बोट डबीत, बाळाच्या डोळ्यात, पुन्हा डबीत आणि मग ताईच्या डोळ्यात. दृष्ट लागू नये म्हणून कपाळावर किंवा गालावर तीट लावावी, त्यास आमची हरकत नाही; दृष्टीचा खरा प्रश्न पापणीच्या आत आहे. सुरम्याची गोष्ट वेगळी. बाजारात सुरमा म्हणून जे चकचकीत काळे चूर्ण मिळते, ते पुष्कळदा शिशाच्या खनिजाचे असते. डबीवर काहीही छापलेले असो, डोळ्यांनी त्यातील शिसे ओळखता येत नाही. अश्रूंबरोबर ते नाकाघशात उतरते, मूल डोळे चोळून बोटे तोंडात घालते आणि शिसे पोटात जाते. शिशाची अमुक एक मात्रा मुलांना निर्धोक आहे असे सांगता येत नाही. ते मेंदूच्या वाढीस बाधते. कुवेतमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी तान्ह्या मुलांत शिशाच्या विषबाधेने मेंदूला सूज आलेली प्रकरणे डॉक्टरांनी नोंदविली, तेव्हा कारणांचा शोध घेता घेता ते घरच्या सुरम्यापाशी पोहोचले. आखातात सुरमा केवळ शोभेसाठी नसतो. नवजात अर्भकाच्या डोळ्यांत आणि कापलेल्या नाळेवरही तो लावण्याची जुनी रीत आहे. मुंबईत भेंडीबाजारात आणि मनामा येथे बाब अल् बहरीनच्या मागील बाजारात अशा डब्या हारीने मांडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. कोरीव, सुंदर डब्या. शोभेसाठी कपाटात ठेवाव्या.

आमच्या इमारतीत मुरुडकडील एक मराठी कुटुंब होते. सुनेच्या बाळंतपणासाठी सासूबाई मुद्दाम आल्या होत्या. बाळ पाच दिवसांचे झाले आणि त्याचे दोन्ही डोळे सुजून चिकटले. पापण्या जराशा उघडताच पू येई. आजी म्हणाल्या, ‘‘बाई, मी पाच मुलं वाढवली. आईचं दूध घातलं की चिपडं दोन दिवसांत जातात.’’ शेजारच्या बहरीनी वृद्धेने आपल्या परीने सुरम्याची डबी आणून ठेवली होती. दोघींच्या मायेबद्दल शंका नव्हती. आम्ही म्हटले, ‘‘आजी, दूध त्याच्या पोटात जाऊ द्या. डोळे आजच डॉक्टरांना दाखवून येऊ.’’ आजी गप्प राहिल्या, पण दुपटे त्यांनीच गुंडाळून दिले. त्याच दुपारी इस्पितळात पुवाचा नमुना घेतला गेला आणि बाळाबरोबर आईलाही औषध सुरू झाले. बाळाचे डोळे वाचले.

एवढी घाई कशासाठी, हे सांगितले पाहिजे. जन्माच्या वेळी आईच्या शरीरातील काही जंतू बाळाच्या डोळ्यांत जाऊ शकतात, आणि त्यांतील एक प्रकार बुबुळास काही दिवसांत भोक पाडतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातील अंधशाळांत अशी मुले फार असत. लाइपझिग येथील डॉ. क्रेडे यांनी १८८० साली जन्मताच प्रत्येक बाळाच्या डोळ्यात चांदीच्या क्षाराच्या द्रावणाचा थेंब सोडण्यास आरंभ केला आणि त्यांच्या इस्पितळातील हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. आता त्या जागी प्रतिजैविके आली आहेत. पुष्कळ बाळांच्या बाबतीत चिकटलेल्या डोळ्यामागे अश्रूंची नळी बंद असणे एवढेच साधे कारण असते, आणि ती नळी बहुधा वर्षाच्या आत आपोआप खुली होते, हे खरे. पण या दोन्हींतील फरक आजीस सांगता येत नाही, शिक्षकास येत नाही. तो डॉक्टरास तपासूनच कळतो. सबब एक महिन्याच्या आतील बाळाचा डोळा लाल झाला, सुजला वा त्यातून पू आला की घरगुती उपायांचे पान तेथेच मिटावे. आईच्या दुधात रोगप्रतिकारक द्रव्ये असतात हे शास्त्रही मानते, परंतु अशा संसर्गावर विसंबून राहावे इतके ते नाही, आणि वाया गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत.

मग घरी करावे तरी काय? पुष्कळ करता येते, आणि ते सारे पाण्याचे आहे. बहरीनमध्ये अधारी नावाचा एक मोठा गोड्या पाण्याचा झरा होता. उपसा वाढत गेल्याने आता तो नैसर्गिकरीत्या वाहत नाही. त्याचे पाणी पाटांनी लांबच्या बागांना जाई आणि काठावरची जमीन कोरडी राही. म्हणून परक्यांना देऊन घरच्यांना विसरणाऱ्या माणसास बहरीनी लोक अधारीची उपमा देतात. आपल्याकडे काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्याच्या जवळपासचा भाव. डोळ्याचे औषध म्हणून परगावची पुडी मागविणाऱ्या घरात चुलीवर पाण्याचे पातेले असतेच.

ते पाणी चांगले उकळावे आणि झाकून निववावे. हवे तर पाव लिटर पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ घालावे, पण साधे पाणीही चालते. प्रथम आपले हात साबणाने धुवावेत. कापसाचा बोळा त्यात बुडवून चिपडे काही वेळ भिजू द्यावीत, ओढून काढू नयेत. मग नाकाच्या बाजूकडून कानाच्या बाजूकडे एकदाच पुसावे आणि तो बोळा टाकून द्यावा. पुढील पुसण्यास नवा बोळा, दुसऱ्या डोळ्यास नवा बोळा. शेवटी पुन्हा हात धुवावेत. एवढ्याने पापण्या सुटतात, आग कमी होते आणि डोळे आपले आपण बरे होण्यास मोकळे होतात. औषधविक्रेत्याकडील साधे कृत्रिम अश्रूही उपयोगी पडतात. डोळ्यांवर पट्टी बांधू नये. तिच्या आडोशाला जंतूच पोसतात. संपर्क-भिंगे लावणाऱ्यांनी ती त्याच दिवशी काढून ठेवावीत, आणि डोळा लाल असून दुखत असेल तर घरी एकही दिवस न घालविता डॉक्टरांकडे जावे, कारण भिंगाखाली झालेली बुबुळाची जखम झपाट्याने वाढते.

पाण्याची ही थोरवी आमच्या पदरची नव्हे. तिसऱ्या शतकात बाबेलमधील नहरदेआ येथे मार शमुएल नावाचे विद्वान होऊन गेले. ते वैद्यही होते आणि त्यांचे डोळ्यांचे मलम दूरवर मागविले जाई, असे तालमूदवरून दिसते. असा मलमाचा धनी आपल्या शिष्यांना सांगतो काय, तर सकाळी डोळ्यांना लावलेले गार पाणी त्या सर्व मलमांहून सरस आहे. सकाळी न धुतलेला हात डोळ्यास लावण्याविरुद्धचा कडक इशाराही त्याच ठिकाणी आढळतो. जंतूंचे नाव कोणास ठाऊक नसताना सांगितलेली ही गोष्ट आहे. पाणी उकळावे हे त्यांनी सांगितले नाही. ते आपण पाश्चरनंतर शिकलो.

बटव्यात हल्ली एक नवी वस्तू शिरली आहे, आणि ती जुन्या सर्व पुड्यांहून अधिक घातक ठरू शकते. गेल्या वर्षी कोणाच्या तरी डोळ्यासाठी आणलेली अर्धी बाटली. ‘‘आमच्या ह्यांना यानेच गुण आला’’ म्हणून शेजारीण ती देते. अशा थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. लाली तासाभरात ओसरते, मूल हसू लागते; पण डोळ्यात नागिणीच्या जातीचा विषाणू किंवा बुरशीचा व्रण असेल तर तेच औषध त्यास खतपाणी घालते. बरेच दिवस वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो. शिवाय उघडलेली बाटली महिन्याभरानंतर वापरू नये, हा बहुतेक थेंबांबाबतचा सर्वसाधारण नियम आहे.

डोळ्यांच्या साथी आपल्या पिढ्यांनी पाहिल्या आहेत. १९६९ साली घाना देशात डोळे रक्तासारखे लाल करणारी नवी साथ उठली, आणि त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरल्याने लोकांनी तिला अपोलो हे नाव दिले. १९७१ मध्ये ती भारतात पोहोचली. बंगालमध्ये तिला ‘जय बांगला’ म्हणत, आणि मुंबईतही त्या वर्षी घरोघर काळे चष्मे दिसत होते. २०२३ च्या जुलै महिन्यात आळंदीच्या शाळकरी मुलांत मोठी साथ आली आणि पाहता पाहता महाराष्ट्रभर पसरली. अशा साथीत रुग्णाकडे नुसते पाहिल्याने डोळे येतात हा समज अजून जिवंत आहे. आम्ही वर्गात तो असा खोडून काढीत असू: एका मुलाच्या तळहातास रंगीत खडू चोळायचा, त्याला सर्वांशी नेहमीसारखे वागू द्यायचे आणि तासाच्या शेवटी तो रंग कोठे कोठे पोहोचला ते पाहायचे. बाक, दाराची कडी, पाण्याचा नळ, तिघांचे रुमाल आणि हटकून एखाददुसऱ्याचा गाल. काही विषाणू अशा कोरड्या पृष्ठभागांवर कित्येक दिवस जिवंत राहतात. नजर निष्पाप आहे. अपराधी तो हात.

म्हणून घरात कोणाचे डोळे आले की त्याचा टॉवेल, उशीचा अभ्रा, रुमाल वेगळे करावे आणि ते कढत पाण्यात धुवावे. मुलास डोळ्यांतील स्राव थांबेपर्यंत घरी ठेवलेले बरे. आईबापांस नोकरीमुळे ते जड जाते हे आम्ही जाणतो, परंतु त्याने एक दिवस शाळेत घालविला तर पुढच्या आठवड्यात दहा आईबापांना तीच अडचण येते.

डोळा केवळ लाल आहे की धोक्यात आहे, हे ओळखण्यास घरच्यांना तीन प्रश्न पुरतात. खुपते त्याहून अधिक असे दुखते का? उजेड सोसत नाही का? चिपडे पुसल्यावरही अंधूक दिसते का? यांपैकी एकाचेही उत्तर होय असेल, किंवा डोळ्याला काही लागले असेल, किंवा लालीबरोबर डोकेदुखी व ओकारी असेल, तर बटवा गुंडाळून ठेवावा. आठवडा उलटूनही उतार पडत नसेल तरीही. चुना, सोडा, धुण्याची पूड असे काही डोळ्यात उडाल्यास मात्र आधी नळाखाली डोळा उघडा धरून वीस मिनिटे धुवावा आणि मगच निघावे. तेथे पाणी उकळीत बसू नये.

शाब्बाथचे काय, असा प्रश्न पाळणाऱ्या घरांतून येईल. शुक्रवारी दिवेलागणीपूर्वी पाणी उकळून थर्मासमध्ये भरून ठेवावे, कापसाचे बोळे करून झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि लागेल तसे थोडे पाणी धुतलेल्या वाटीत ओतून निवू द्यावे. बोळे भिजविण्या-पिळण्याविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या रब्बींना आधीच विचारून घ्यावे. डोळा धोक्यात असल्याची वरील लक्षणे दिसली, तर मात्र शनिवारच्या रात्रीची वाट पाहण्याचे कारण नाही. डोळ्याचा संबंध हृदयाशी आहे असे मानून, बिघडलेल्या डोळ्यावर शाब्बाथच्या दिवशीही उपचार करण्याची मोकळीक मार शमुएल यांनीच दिलेली आहे. त्याच घटकेला गाडी बोलवावी, आणि निघताना डोळ्यात जे काही घातले असेल त्याची डबी किंवा बाटली डॉक्टरांना दाखविण्यास बरोबर घ्यावी.